कोळशाखालची माणसं: १९४६ च्या एका सोव्हिएत चित्रपटबंदीचा प्रकरण अभ्यास

४ सप्टेंबर १९४६ रोजी सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीने एका चित्रपटाबद्दल ठराव केला. दिग्दर्शक लिओनिद लुकोव, पटकथाकार पावेल निलिन, चित्रपट 'बोल्शाया झीझ्न' म्हणजे 'विशाल जीवन', भाग दुसरा. पूर्व युक्रेनमधला दोन्बासचा प्रदेश जर्मनांच्या ताब्यातून सुटल्यावर तिथल्या कोळसा खाणी कामगारांनी पुन्हा कशा उभ्या केल्या, हा त्याचा विषय. ठरावाने त्याच्या प्रदर्शनावर बंदी घातली. प्रेक्षकांना तो पाहायला मिळाला १९५८ मध्ये, तयार झाल्यावर बारा वर्षांनी.

त्या काळातल्या सोव्हिएत औद्योगिक चित्रपटांत कोणाला जागा मिळाली याची चर्चा बहुधा गणतीवर येऊन थांबते: बायका किती, रशियनेतर किती, पुढारी किती. या प्रकरणात गणतीपेक्षा मोलाचं काहीतरी हाती आहे. कोणत्या प्रकारची माणसं पडद्यावर नकोत आणि का नकोत, हे राज्यकर्त्यांनी स्वतःच मुद्देसूद लिहून ठेवलं आहे. तो ठराव चित्रपटाशेजारी ठेवून वाचला की एक गोष्ट स्पष्ट दिसते. समितीने चित्रपटातल्या खोट्या भागावर बोट ठेवलेलंच नाही. तिला खुपली ती त्यातली सगळ्यात खरी माणसं.

पहिल्या भागात चाललं ते दुसऱ्यात का चाललं नाही

पहिला भाग १९३९ साली कीवच्या स्टुडिओत तयार झाला आणि १९४१ मध्ये त्याला द्वितीय श्रेणीचं स्टालिन पारितोषिक मिळालं. त्यातले दोन नायक लोकांना फार आवडले. बोरिस आंद्रेयेवने केलेला खारितोन बालून हा आडदांड, भोळा, ताकदवान गडी. प्योत्र अलेइनिकोवने केलेला वान्या कुर्स्की खोडकर, कामचुकार, बाटलीचा शौकीन. दोघं दारू पितात, दंगा करतात, वरिष्ठांना जुमानत नाहीत, आणि शेवटी विक्रमी कोळसा काढून सुधारतात. लुकोव स्वतः मारिउपोलचा, म्हणजे याच पट्ट्यातला. खाणवस्तीतली बोलण्याची ढब, चेष्टा, चिडणं हे सगळं त्याला आतून ठाऊक होतं आणि ते पडद्यावर उतरलेलं दिसतं.

मग पाच वर्षांत असं काय झालं की तीच माणसं 'विकृत चित्रण' ठरली? पहिल्या भागाच्या कथेत दोन आधार होते. एक, घातपाती खलनायक. खाणीत काही बिघडलं तर दोष त्याच्यावर टाकता येई. दोन, स्ताखानोवी विक्रम. ऑगस्ट १९३५ च्या अखेरीस अलेक्सेई स्ताखानोवने एका पाळीत १०२ टन कोळसा काढल्याचं जाहीर झालं, तेव्हा ठरलेलं प्रमाण ७ टन होतं. त्या पाळीत त्याच्या मागे दोन माणसं छताला लाकडी टेकू लावत होती. एरवी कोळसा फोडणाऱ्यालाच हातोडा ठेवून टेकू लावावे लागत. काम वाटून दिलं म्हणून त्याचा हातोडा थांबला नाही, आणि आकडा वाढण्यामागचं खरं तंत्र हेच होतं. आकडा मात्र एकट्याच्या नावावर चढला. पुढच्या औद्योगिक चित्रपटांचा साचा इथेच घडला: नाव असलेला एक वीर, आणि टेकू लावणारे बिननावाचे.

दुसऱ्या भागात हे दोन्ही आधार निसटले. मोडतोड शत्रूने करून ठेवलेली, पण तो निघून गेलेला. विक्रम करायला खाणच चालू नाही. उरली ती माणसं, आणि ती कशी राहतात, काय खातात, कोणाशी भांडतात एवढंच.

खाण पुन्हा चालू करायची म्हणजे काय

ठरावातला सर्वांत जड आरोप तंत्राविषयी आहे, त्यामुळे आधी तंत्र नीट पाहायला हवं. १९४० मध्ये दोन्बासने सुमारे ९४ दशलक्ष टन कोळसा दिला होता, साऱ्या सोव्हिएत संघाच्या निम्म्याहून अधिक. ८ सप्टेंबर १९४३ रोजी स्तालिनो, म्हणजे आजचं दोनेत्स्क, मुक्त झालं तेव्हा मोठ्या खाणी पाण्याखाली होत्या, खाणीत उतरायच्या विहिरींवरचे लोखंडी मनोरे पाडलेले होते आणि वीजकेंद्रं उद्ध्वस्त होती.

अशी खाण उठवण्याला एक क्रम असतो आणि तो बदलता येत नाही. प्रथम पाणी उपसायचं. पातळी खाली जाईल तसा पंप विहिरीत आणखी खाली उतरवायचा, दर वेळी नवे पाइप जोडायचे. पाणी ओसरलं की हवा खेळवायची, कारण बंद पडलेल्या बोगद्यांत मिथेन साठतो आणि काही ठिकाणी श्वास घेण्याजोगी हवाच उरत नाही. मग कुजलेले, कोसळलेले लाकडी टेकू काढून नवे ठोकायचे. त्यानंतर रूळ, दोरखंड, वर ओढण्याचं यंत्र. हवेच्या दाबावर चालणारा हातोडा चालवायला कॉम्प्रेसर लागतो, कॉम्प्रेसरला वीज लागते, आणि वीजकेंद्राला कोळसा लागतो. या फेऱ्यातून बाहेर पडायची एकच वाट होती. उथळ थरांपर्यंत छोट्या उतरत्या खाणी खणायच्या आणि पहिला कोळसा कुदळीने, हातगाडीने बाहेर काढायचा. दोन्बासचे थर पातळ, बरेचसे जेमतेम मीटरभर किंवा त्याहूनही कमी. तिथे माणूस उभा राहू शकत नाही, कुशीवर पडून काम करतो.

म्हणजे पुनर्बांधणीत यंत्र सगळ्यात शेवटी येतं. अंगमेहनत आधी येते, आणि अंगमेहनतीला माणसं लागतात.

ही माणसं कोण होती

घरचे पुरुष सैन्यात होते. खाणीत आल्या त्या बायका आणि तरुण मुली, बऱ्याचशा दूरच्या खेड्यांतून. ऑक्टोबर १९४० च्या हुकुमाने सुरू झालेल्या सहामाही कारखाना-शाळांतून किशोर मुलं यायची. २६ जून १९४० च्या हुकुमानुसार परवानगीशिवाय काम सोडणाऱ्याला दोन ते चार महिने तुरुंग होता, आणि युद्धकाळात उद्योगांवरचे निर्बंध त्याहून कडक झाले. खाणीच्या पडक्या बराकीत आलेली मुलगी राहणं आवडलं नाही म्हणून निघून जाऊ शकत नव्हती, हे लक्षात ठेवून चित्रपटातला बराकीचा प्रसंग, जो पुढे येईल, पाहावा लागतो.

दुसरा गट जर्मन ताब्याच्या काळात तिथेच अडकलेल्यांचा. यांच्यावर संशयाची छाया होती. काहींनी पोटासाठी जर्मनांकडे काम केलं, काहींनी भूमिगत चळवळीच्या सांगण्यावरून केलं, काहींनी मनापासून केलं. खाणीला तिन्ही प्रकारचे हात हवे होते.

तिसऱ्या गटाविषयी सोव्हिएत पडद्यावर अवाक्षर नाही. जर्मन युद्धकैदी होतेच, शिवाय १६ डिसेंबर १९४४ च्या हुकुमाने रुमेनिया, हंगेरी, युगोस्लाव्हिया इत्यादी देशांतल्या जर्मन वंशाच्या नागरिकांना उचलून आणलं गेलं. पुरुष १७ ते ४५ वयाचे, बायका १८ ते ३० च्या. एकूण सुमारे १ लाख १२ हजार. यांतल्या मोठ्या संख्येला दोन्बासच्या खाणींत आणि दक्षिणेकडच्या पोलाद कारखान्यांत जुंपण्यात आलं. लुकोवच्या चित्रपटात हे नाहीत. त्याने दाखवायचं म्हटलं असतं तरी पटकथाच मंजूर झाली नसती.

बायकांना जमिनीखाली उतरवण्याचा प्रश्न त्याच वर्षांत आपल्याकडेही पेटला होता. १९४३ मध्ये ब्रिटिश सरकारने कोळशाच्या टंचाईचं कारण देऊन भारतात स्त्रियांच्या भूमिगत कामावरची बंदी उठवली. ८ फेब्रुवारी १९४४ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात त्यावर टीकेचा भडिमार झाला, तेव्हा मजूर खात्याचे सदस्य म्हणून उत्तर द्यायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. हा उपाय तात्पुरता आहे आणि बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, हे त्यांनी सभागृहात मांडलं. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. इकडे निदान एका सभागृहात प्रश्न जाहीरपणे विचारला गेला. तिकडे तो विचारण्याची जागा चित्रपटातला एक प्रसंग होती, आणि तो प्रसंगच गुन्हा ठरला.

ठराव मुद्द्यामुद्द्याने

ठरावाचं पहिलं म्हणणं असं की चित्रपटात पुनर्बांधणीचा एक किरकोळ तुकडा आहे आणि बाकी सगळा वेळ खासगी भावभावना व घरगुती प्रसंगांत जातो, त्यामुळे 'विशाल जीवन' हे नावच सोव्हिएत वास्तवाची थट्टा वाटतं. दुसरं, दोन काळांची गल्लत झाली आहे. पडद्यावरची खाण यादवी युद्धानंतरच्या म्हणजे १९२० च्या दशकातली वाटते. पंचवार्षिक योजनांनी आणलेलं प्रगत तंत्र कुठे दिसत नाही, कामगार नुसत्या शारीरिक बळावर आणि कालबाह्य पद्धतींनी काम करताना दिसतात.

वरचा क्रम डोळ्यांसमोर ठेवला तर हा आरोप किती पोकळ आहे ते कळतं. १९४३-४४ ची खाण १९२० च्या दशकातल्या खाणीसारखी दिसत होती, कारण यंत्रं पाण्याखाली होती. लुकोवने काळांची गल्लत केली नव्हती. काळच मागे ढकलला गेला होता. समितीला हवं होतं ते १९४३ चं चित्र नव्हे, १९५० मध्ये कसं असावं त्याचं चित्र.

काळाविषयीची एक तक्रार मात्र रास्त आहे आणि ती मान्य करायला हवी. युद्ध अजून ऐन भरात असताना पात्रं त्याबद्दल जुनी गोष्ट असल्यासारखी बोलतात, जणू फौजा घरी परतल्या आहेत. ही पटकथेतली खरी ढिलाई आहे. आरोपांच्या एवढ्या यादीत एखादा खरा निघतो, आणि त्याच्या आडोशाने बाकीचे खपून जातात. असे ठराव वाचताना हे सारखं जपावं लागतं.

तिसरा मुद्दा पक्षाचा. कामगार स्वतःहून खाण उठवायला निघतात आणि सरकारी यंत्रणा आडवी येते. त्यांना साथ देणाऱ्या पक्षसचिवावर पक्षाबाहेर फेकलं जाण्याची वेळ येऊ शकते. पुढाकार खालून आला आणि अडथळा वरून आला, ही दिशाच समितीला मान्य नव्हती.

त्यानंतर ठराव माणसांकडे वळतो आणि त्याची भाषा चढते. कामगार आणि अभियंते मागासलेले, असंस्कृत, नीतीने हलके दाखवले आहेत. ते बहुतेक वेळ रिकामटेकडे बसतात, गप्पा छाटतात, दारू पितात. तंत्राचं जेमतेम ज्ञान असलेल्यांना मोठ्या जागांवर चढवलं आहे. प्रमुख पात्रांत जर्मन पोलिसांत काम केलेली माणसं आहेत. उसीनिन नावाचा इसम जर्मनांच्या काळात तिथेच राहिला, आता लोकांना चिथावतो, तरी त्याला शिक्षा होत नाही. सोन्या ही खाणकामगाराची बायको जखमी सैनिकांजवळून निर्विकारपणे निघून जाते.

आणि मग बराक. नव्याने आलेल्या कामगार मुलींना घाणेरड्या, अर्ध्या पडलेल्या, ओलसर इमारतीत टाकलं जातं आणि त्यांची जबाबदारी याच उसीनिनकडे दिली जाते. खोली दुरुस्त करण्याऐवजी त्यांच्याकडे कोण येतं, तर अकॉर्डियन आणि गिटार घेतलेले करमणूक करणारे. ठरावाच्या मते यात मुलींची क्रूर चेष्टा आहे. पण चेष्टा कोणी केली, चित्रपटाने की व्यवस्थेने? प्रसंगाचा राग उघडपणे खाण चालवणाऱ्यांवर आहे. त्या मुलींना छप्पर मिळालेलं नाही हे प्रेक्षकाला बोचावं, म्हणूनच तो लिहिला आहे. समितीने तो राग उचलून दिग्दर्शकावर उलटवला. मुलींची दुरवस्था कबूल करावी लागू नये म्हणून मुलींचा कैवार घेतला. अशा दस्तऐवजांत ही युक्ती पुन्हापुन्हा भेटते आणि ती ओळखता आली पाहिजे: दुर्बळांच्या सन्मानाचं नाव पुढे करून दुर्बळांनाच चौकटीबाहेर काढायचं.

निकिता बोगोस्लोव्स्कीच्या चाली आणि फात्यानोव व अगातोव यांची गीतंही सुटली नाहीत. त्यांत 'दारूच्या गुत्त्यातली उदासी' भरली आहे असं ठरावाने म्हटलं. तीन-चार वर्षं घरापासून तुटलेल्या माणसांनी हळव्या सुरात गावं, यालाही परवानगी नव्हती.

चाळणीतून सुटला कसा

सोव्हिएत चित्रपट मोकाट तयार होत नसे. विषयांची वार्षिक यादी मंजूर होई, मग पटकथा, मग कलाकार, मग तयार चित्रपट कलासमितीपुढे आणि शेवटी मंत्र्यापुढे. 'विशाल जीवन' या सगळ्या दारांतून आत आला होता. युद्धात ही दारं थोडी सैल झाली होती आणि माणसांच्या दुःखाला पडद्यावर जागा मिळत होती. ती सवय १९४६ पर्यंत टिकली. ९ ऑगस्ट १९४६ रोजी पक्षाच्या संघटन मंडळाच्या बैठकीत स्टालिन स्वतः या चित्रपटावर बोलला आणि वारं फिरलं. १४ ऑगस्टला लेनिनग्रादच्या दोन नियतकालिकांवर, २६ ऑगस्टला नाटकांवर आणि ४ सप्टेंबरला चित्रपटावर, असे ओळीने तीन ठराव आले. चित्रपटमंत्री इवान बोल्शाकोव आणि त्याची कलासमिती यांना जबाबदार धरण्यात आलं. आयझेनस्टाइन आणि पुदोव्किन या नामवंत दिग्दर्शकांच्या नव्या कामांवरही याच ठरावात ताशेरे होते. 'खाणकामगार पितात' हा आरोप झाला त्याच महिन्याच्या मध्यावर शिधावाटपातल्या धान्याचे भाव वाढवण्यात आले आणि त्या हिवाळ्यात दुष्काळ पडला, हेही शेजारी मांडून ठेवावं.

परिणाम सगळ्या उद्योगावर झाला. मंजुरी देणाऱ्या प्रत्येकाला आता आपली मान वाचवायची होती, त्यामुळे पटकथा वर्षानुवर्षं फिरत राहिल्या. १९५१ मध्ये अख्ख्या देशात जेमतेम ९ कथाचित्रपट तयार झाले.

दुरुस्त केलेला दोन्बास

लुकोवला दुसरी संधी मिळाली हे या प्रकरणाचं वेगळेपण. १९५० मध्ये त्याने 'दोनेत्स्कचे खाणकामगार' हा रंगीत चित्रपट केला, आणि त्याला स्टालिन पारितोषिक मिळालं. तोच दिग्दर्शक, तोच प्रदेश, तोच धंदा, मध्ये फक्त ठराव. बंदीने नेमकं काय बदललं ते मोजायला याहून चांगली जोडी सापडणं कठीण.

नव्या चित्रपटात कथेचा गाडा 'दोनबास' नावाचं कोळसा कापून कन्व्हेयरवर टाकणारं कंबाइन ओढतं. यांत्रिकीकरणाचा निर्णय क्रेमलिनमध्ये होतो, तिथे मिखाइल गेलोवानी स्टालिनच्या भूमिकेत आहे. खाणकामगारांची घरं नीटनेटकी, टेबलं भरलेली, कपडे इस्त्रीचे. पुढाकार वरून खाली येतो. ठरावाचा एकेक मुद्दा उचलून त्याला उत्तर दिल्यासारखी रचना आहे. कंबाइन खोटं नव्हतं, ते खरोखर बनलं आणि चाललं. पण ते आडव्या, फारसा उतार नसलेल्या थरांत चालत असे. गोर्लोव्का भागातल्या तीव्र उताराच्या थरांत हातोडाच राहिला. चित्रपट हा भेद दाखवत नाही, आणि त्यामुळे हातोडेवाला भूतकाळात जमा होतो.

तरुण स्त्रिया इथेही आहेत, चांगल्या शिकलेल्या आणि हसतमुख. पण त्यांना कशाची तक्रार नाही. जर्मन ताब्यात राहिलेला माणूस नाहीसा झाला आहे. अर्धशिक्षित मुकादम नाहीसा झाला आहे. गणती केली तर या चित्रपटात प्रतिनिधित्व कमी झालेलं दिसणार नाही, कदाचित वाढलेलंच दिसेल. म्हणून गणतीवर विसंबू नये असं आमचं ठाम मत आहे.

त्यापेक्षा हे दोन चित्रपट एकापाठोपाठ पाहावे आणि प्रत्येक पात्रासाठी एकच गोष्ट लिहीत जावी: त्याला 'नाही' म्हणता येतं का, कोणाला म्हणता येतं, आणि म्हटल्यावर काय होतं. बालून नाही म्हणतो, पक्षसचिव वरिष्ठांना नाही म्हणायच्या बेतात येतो. १९५० च्या चित्रपटात जुन्या पद्धतीला चिकटलेले लोक नवीन यंत्राला नाही म्हणतात, आणि कथा त्यांना चुकीचं ठरवायला सज्ज असते. कोण कोणाच्या घरात जातो हेही पाहावं. 'विशाल जीवन'च्या दोन्ही भागांत कॅमेरा बराकीत, स्वयंपाकघरात, पिण्याच्या अड्ड्यावर शिरतो. नंतरच्यात तो खोल्यांत शिरतो तो पाहुण्याच्या हक्काने, घर आवरून ठेवलेलं असताना. भाषेकडेही कान ठेवावा. हा प्रदेश युक्रेनियन, रशियन, ग्रीक, ज्यू, तातार अशा अनेकांचा, पण सगळे जण पडद्यावर रशियनच बोलतात. युक्रेनियन वळण उरतं ते बहुधा विनोदापुरतं. ही मर्यादा बंदी घातलेल्या चित्रपटालाही लागू आहे आणि बंदी आली म्हणून ती माफ होत नाही.

१३ जुलै १९५७ रोजी सोव्हिएत मंत्रिमंडळाने बायकांना खाणीतल्या भूमिगत कामातून काढून घेण्याचा निर्णय केला. त्याच वर्षी 'उंची' नावाच्या चित्रपटात इन्ना माकारोवाने वेल्डिंग करणारी, फटकळ तोंडाची कात्या रंगवली. ती बराकीतल्या मुलींची नातेवाईक शोभते, पण शेवटी कथा तिलाही मवाळ करूनच सोडते. १९५८ मध्ये 'विशाल जीवन'चा दुसरा भाग प्रदर्शित झाला तेव्हा बराकीचा प्रसंग गतकाळातली चूक म्हणून पाहता येत होता. तसा तो दाखवता आला, कारण त्याने आता कोणाला जाब विचारला जाणार नव्हता. रुमेनियातून उचलून आणलेल्या जर्मन मुलींचा उल्लेख तेव्हाही नव्हता. त्यांतल्या वाचलेल्या बहुतेक जणी १९४९ च्या अखेरीपर्यंत घरी परतल्या होत्या, आणि दोन्बासच्या त्या वर्षांचा पुरावा शोधायचा तर चित्रपटांच्या रिळांपेक्षा त्यांच्या आठवणींकडे जावं लागतं.